बी.एस.डब्ल्यू. करू का, टीचर?

यंदा बारावीच्या निकालानंतर चार जणांनी मला हाच प्रश्न विचारला. तिघी मुली आणि एक मुलगा. चौघांच्या घरून येणारा सवालही एकच होता, लोकांची खिदमत करायला डिग्री कशाला लागते? एका मुलीचे अब्बा हसत म्हणाले, "टीचर, आमच्या अम्मीनं आयुष्यभर मोहल्ल्यातल्या बाळंतिणी सांभाळल्या, मय्यतीला गुस्ल दिलं, सासू-सुनांची भांडणं मिटवली. तिला कुठं होती डिग्री?"

सवाल वाजवी आहे, त्यामुळे उत्तरही नीट द्यायला हवं. अशा दादी-नानी आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात होत्या आणि त्यांच्याशिवाय मोहल्ला चालत नव्हता. पण त्या ज्या गोष्टी सांभाळत होत्या त्यातल्या निम्म्या आता घराबाहेर गेल्या आहेत. बाळंतपण दवाखान्यात गेलं, भांडण पोलीस ठाण्यात आणि कोर्टात गेलं, म्हाताऱ्यांची पेन्शन तहसील कचेरीत अडकली. तिथं नुसतं मन मोठं असून भागत नाही. कुठल्या टेबलावर कुठला कागद द्यायचा, कायदा काय म्हणतो आणि समोरची बाई रडत असताना तिला पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे कुणीतरी शिकलेलं असावं लागतं.

एक उदाहरण देते, कारण ते प्रत्येक घराला कधी ना कधी लागू पडतं. घरात कुणाचं मोठं ऑपरेशन निघालं की आपल्याकडे पहिलं काम काय होतं? व्हॉट्सॲपवर रुग्णाचा फोटो, रिपोर्ट, जावयाचा नंबर आणि "मदत करा, शेअर करा". जुम्म्याला चंदा गोळा होतो. लोक देतातही, अल्लाह त्यांचं भलं करो. पण ज्या इस्पितळात रुग्ण झोपलेला आहे ते धर्मादाय ट्रस्टचं असेल, तर महाराष्ट्रात कायद्यानं तिथल्या दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात द्याव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं ४१ अअ हे कलम आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयानं मंजूर केलेली योजना, यातून हे बंधन आलं. शिवाय अशा इस्पितळाला आपल्या बिलांच्या रकमेतले दोन टक्के गरीब रुग्णांच्या निधीसाठी बाजूला ठेवावे लागतात. त्याच इमारतीत बहुतेक वेळा तळमजल्यावर एक खोली असते. दारावर 'वैद्यकीय समाजसेवक' अशी पाटी. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड घेऊन त्या खोलीत जायचं असतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तो आजार बसतो का, हेही तिथंच कळतं. आपले लोक त्या खोलीसमोरून दहा वेळा जातात आणि चंद्याची पावती फाडून परत येतात.

त्या खोलीत जी व्यक्ती बसलेली असते, ती हेच शिकून आलेली असते. बी.एस.डब्ल्यू. म्हणजे बॅचलर ऑफ सोशल वर्क, मराठीत समाजकार्य पदवी. बारावी कुठल्याही शाखेतून चालते. तीन वर्षांत पदवी मिळते. नव्या शैक्षणिक धोरणानं चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवीही आणली आहे. पुढं दोन वर्षांचं एम.एस.डब्ल्यू.

या शिक्षणाचा उगम कुठं झाला, हे मी मुलांना आवर्जून सांगते. मुंबईच्या नागपाड्यात. १९२५ च्या सुमारास क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचा एक अमेरिकन मिशनरी मुंबईत आला. गिरणी कामगार, गोदी कामगार, हमाल, दाटीवाटीच्या चाळी असा तो भाग आणि वस्तीत मुसलमान मोठ्या संख्येनं. तिथं त्यानं नागपाडा नेबरहूड हाऊस चालवलं. वाचनालय, दवाखाना, खेळाचं मैदान. नागपाड्याच्या पोरांचं बास्केटबॉल आजही मशहूर आहे, त्यात या मैदानाचा वाटा आहे. नुसत्या दयेनं वस्ती बदलत नाही, काम करणारी माणसं शिकवून तयार करावी लागतात, हे त्याला तिथं काम करता करता पटलं. सर दोराबजी टाटा ट्रस्टनं पैसा दिला आणि १९३६ मध्ये देशातली समाजकार्याची पहिली शाळा नागपाड्यातच सुरू झाली. मॅनशार्ट तिचा पहिला संचालक. हीच शाळा १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे 'टिस', म्हणून ओळखली जाते आणि नंतर ती देवनारला गेली. देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली तीही नागपाड्याच्या शेजारच्या जे. जे. रुग्णालयात, १९४६ साली. ज्या गल्ल्यांमध्ये हे शिक्षण जन्माला आलं त्या गल्ल्यांतल्या मुलांना आज त्याचं नाव माहीत नाही. मला याचं वाईट वाटतं.

आता अभ्यासाबद्दल. समाजशास्त्र, मानसशास्त्र, भारतीय संविधान, कायदे, आरोग्य, सरकारी योजना हे विषय असतात, त्यावर मी फार लिहीत नाही, ते कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल. खास विषय म्हणजे समाजकार्याच्या पद्धती. एका माणसाबरोबर काम कसं करायचं ते व्यक्ती सहाय्य कार्य. दहा-पंधरा जणांबरोबर ते गटकार्य. आणि अख्ख्या वस्तीबरोबर ते समुदाय संघटन.

पण या डिग्रीचा जीव आहे फील्डवर्कमध्ये. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी वर्गात नसतो. तो एखाद्या सरकारी दवाखान्यात, शाळेत, अंगणवाडीत, निरीक्षणगृहात, वृद्धाश्रमात किंवा झोपडपट्टीत काम करणाऱ्या संस्थेत असतो. पहिल्या वर्षी बघायचं, ओळख करून घ्यायची, हळूहळू कामात हात घालायचा. दर आठवड्याला अहवाल लिहायचा. कुणाला भेटलो, काय बोललो, ते काय म्हणाले, मला काय वाटलं आणि मी चुकलो कुठं. तो अहवाल घेऊन प्राध्यापकासमोर बसायचं आणि ते ओळ न् ओळ विचारतात. "तू तिला सल्ला दिलास. तिनं मागितला होता का?" अशा एका प्रश्नावर मुली दोन-दोन दिवस विचार करतात. वर्षातून एकदा खेड्यात आठ-दहा दिवसांचं शिबिर असतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी यंदा तिसऱ्या वर्षाला आहे. तिची अम्मी बाजारात भेटली तेव्हा लाडानं तक्रार करत होती, "पोरगी बदलली हो. वस्तीतून घरी येते, मी विचारते कुणाकडं गेली होतीस, काय झालं त्यांच्या घरी. तर म्हणते, अम्मी, ते सांगायचं नसतं. मला, आईला नाही सांगायचं?" मी मनात म्हटलं, पोरगी शिकते आहे. गोपनीयता हे या कामाचं पहिलं तत्त्व. जो माणूस तुमच्याकडे आपलं दुःख घेऊन येतो, त्याची गोष्ट ओट्यावर पोचता कामा नये. आणि खरं सांगा, आपल्या मोहल्ल्यात कितीजणी मदत मागायला जात नाहीत, ती याच एका भीतीनं?

दुसरं तत्त्व आहे की निर्णय त्या माणसाचा असतो, मदत करणाऱ्याचा नव्हे. हे पचायला जास्त जड आहे. नवऱ्यानं टाकलेली एखादी मुलगी पंच मंडळींसमोर येते तेव्हा चार वडीलधारे तिचा फैसला करून टाकतात. परत जा, किंवा खुला घे, किंवा सबर कर. मनानं ते वाईट नसतात. शिकलेली समाजकार्यकर्ती आधी तिला बसवते, पाणी देते, निकाहनामा कुठं आहे विचारते, मुलं कुणाकडं आहेत विचारते, मारहाण होते का हे एकटीत विचारते. मग रस्ते समोर ठेवते. मेहर आणि पोटगीचा हक्क काय आहे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे कसं जायचं, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट कसा मिळतो (स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे किती जणींना माहीत आहे?), संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कुठं भरायचा. आणि मग विचारते, तुला काय करायचं आहे? मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ मध्ये 'टिस'नं महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला तो असंच काम करण्यासाठी. आज राज्यात अनेक जिल्ह्यांत असे कक्ष आहेत आणि तिथं समाजकार्य शिकलेल्या बाया बसतात. त्यांच्यासमोर बसलेली बाई आपली असेल आणि तिला मोडक्यातोडक्या मराठीत आपलं दुःख सांगावं लागत असेल, तर टेबलाच्या पलीकडं आपली एखादी मुलगी असण्याला किती अर्थ आहे, हे मी वेगळं काय सांगू.

रमजानच्या रेशन किटबद्दल एक ओळ लिहिल्याशिवाय राहवत नाही. किट हातात देताना फोटो काढणं बंद करा. घेणारीचीही मुलं शाळेत जातात आणि तो फोटो वर्गातल्या मोबाइलवर फिरतो. बी.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असा फोटो काढणार नाही.

आता पालकांच्या भीतीकडे येते, कारण खरा अडथळा तिथं आहे. मुलगी वस्ती-वस्तीत फिरणार, पोलीस ठाण्यात जाणार, एच.आय.व्ही.च्या, दारुड्यांच्या, कैद्यांच्या गोष्टी ऐकणार. लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील? ही भीती मी उडवून लावणार नाही. पण काही गोष्टी माहीत असाव्यात. फील्डवर्कला मुली बहुधा जोडीनं किंवा गटानं जातात, संस्थेत देखरेख करणारी व्यक्ती ठरलेली असते, वेळ दिवसाची असते. ॲडमिशन घेताना हे सरळ विचारा. कुठल्या संस्थेत पाठवता, देखरेख कोण करतं, अडचण आली तर फोन कुणाला करायचा. नीट चालणारं कॉलेज या प्रश्नांवर चिडत नाही. जे चिडतं किंवा "डायरीवर सही मिळून जाईल, काळजी करू नका" म्हणतं, तिथं ॲडमिशन घेऊ नका. ज्या कॉलेजात फील्डवर्क कागदावरच होतं तिथून मिळालेली डिग्री मुलाखतीत पाच मिनिटांत उघडी पडते.

पैशाचं काय, हा अब्बा लोकांचा दुसरा सवाल. यात मी गोड बोलणार नाही. नुसत्या बी.एस.डब्ल्यू.वर मिळणारा पहिला पगार लहान असतो आणि बरीच कामं कंत्राटी असतात, प्रकल्प संपला की नोकरी संपते. चांगल्या जागा, म्हणजे मोठ्या रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक, कारखान्यातला कामगार कल्याण अधिकारी, यांना बहुतेक ठिकाणी एम.एस.डब्ल्यू. लागतं. मनोरुग्णांसाठी काम करायचं तर त्याहूनही पुढं शिकावं लागतं. म्हणजे पाच वर्षांची तयारी ठेवूनच यात उतरावं. घरात मोठा मुलगा म्हणून तीन वर्षांत चूल पेटवायची जबाबदारी असेल तर मी त्याला ही वाट सुचवत नाही, त्या मुलालाही मी आय.टी.आय.चा फॉर्म आणायला सांगितलं आहे. दुसरीकडं, २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजोपयोगी कामावर खर्च करणं बंधनकारक केलं, त्यामुळं ते काम बघणाऱ्या माणसांची नवी मागणी तयार झाली. बालकांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत 'टिस'च्या प्रकल्पातून सुरू झाली, आता ती सरकारी यंत्रणेतून चालते, तिथं आणि बाल संरक्षण कक्षातही अशी माणसं लागतात. आणि पदवी ही पदवीच असते, स्पर्धा परीक्षांना ती चालते. फक्त बी.एस.डब्ल्यू. करून मग बी.एड. करू आणि शिक्षिका होऊ, असा बेत असेल तर आधी चौकशी करा. शाळेत शिकवायचा विषय पदवीला नसेल तर पुढं अडतं.

भाषेचा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा, तो जरा सविस्तर सांगते. मी उर्दूही शिकवते आणि मराठीही. उर्दू शाळेतून आलेली आपली मुलं समाजकार्यात दोन टोकांवर असतात. वस्तीत ती सर्वांच्या पुढं. दखनी बोलणारी खालाजान ज्या घरात परक्या कार्यकर्तीला दारातूनच वाटेला लावते, तिथं आपली मुलगी सलाम करून चटईवर बसते आणि दहा मिनिटांत घरातलं सगळं तिच्यासमोर येतं. पण संध्याकाळी तेच मराठीत अहवालात लिहायचं म्हटलं की पेन अडखळतं. तहसीलदाराला अर्ज लिहायचा तर पाय थरथरतात. विदर्भ-खानदेशातल्या समाजकार्य महाविद्यालयांत शिकवणं मुख्यतः मराठीतून चालतं, मुंबईत इंग्रजीचं वजन जास्त. ज्यांच्या घरी अशी मुलं आहेत त्यांनी आजपासून एक काम करावं. रोज मराठी वर्तमानपत्रातली एक बातमी वाचायची आणि त्यातल्या माणसाच्या वतीनं संबंधित अधिकाऱ्याला दहा ओळींचा अर्ज लिहायचा. गटार तुंबलं, रेशन मिळालं नाही, शाळेला शिक्षक नाही. सुट्टीच्या दोन महिन्यांत साठ अर्ज होतात. मी हे वर्गात करून घेते. दुसऱ्या पंधरवड्यापासून भाषा वळायला लागते.

कॉलेजं कुठं आहेत? मुंबईत मरीन लाइन्सजवळ निर्मला निकेतन आहे, १९५५ पासूनचं, मुंबई विद्यापीठाशी संलग्न. नागपूर आणि एकूण विदर्भात समाजकार्य महाविद्यालयं बरीच आहेत, जळगावातही आहे. राज्यातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालयं सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत येतात, तिथं फी आवाक्यातली असते. काही ठिकाणी प्रवेशाला लेखी चाचणी आणि मुलाखत असते. मुलाखतीत 'मला गरिबांची सेवा करायची आहे' हे पाठ केलेलं वाक्य म्हणू नका, समोरच्यांनी ते सकाळपासून तीस वेळा ऐकलेलं असतं. आपल्या गल्लीतली एक अडचण सांगा आणि ती का सुटत नाही यावर तुम्ही काय विचार केला तेवढं बोला. इग्नूतही बी.एस.डब्ल्यू. आहे. ते घरबसल्या होतं अशी समजूत करून घेऊ नका, फील्डवर्क तिथंही सक्तीचं आहे.

जवळ कॉलेज नसेल आणि मुलीला दूर ठेवणं जमत नसेल, तर गावातच समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन बी.ए. करावं, सोबत राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदवावं आणि तीन वर्षांनी एम.एस.डब्ल्यू.ला प्रवेश घ्यावा. एम.एस.डब्ल्यू.ला इतर पदवीधरही चालतात. तीन वर्षांत मुलगी मोठी होते आणि घरच्यांचं मनही थोडं मोकळं होतं, हा माझा अनुभव.

शेवटी कागदपत्रं. बागवान, मोमीन, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. जागेसाठी आणि शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर लागतं. ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, म्हणजे दादाजानच्या शाळेची नोंद शोधा. बऱ्याच जुन्या नोंदींत जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं, मग इतर पुरावे गोळा करावे लागतात आणि त्यात महिने जातात. त्यासाठी निकालाची वाट बघू नका, मूल अकरावीत असतानाच सुरुवात करा. आणि शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक, तिन्हीवरचं नाव एकदा शेजारी-शेजारी ठेवून बघा. एकात 'शेख' पुढं, दुसऱ्यात मागं, एकात 'मो.', दुसऱ्यात 'मोहम्मद', असं असलं की शिष्यवृत्ती अडकते. आधारमधली दुरुस्ती सेवा केंद्रात होते, दाखल्यातली शाळेमार्फतच करावी लागते आणि मे महिन्यात शाळेचं ऑफिस अर्धं बंद असतं.